शंभर टक्के अचूक

"अठ्ठ्याण्णव!" मालक काचेच्या खोलीतूनच ओरडला. "दोनच टक्के राहिले, अचूकताई! आज शंभर झाले की वेबसाइटवर आपल्या गाड्या सगळ्यात वर!"

अचूकताई हे नाव तिला आठवड्यापूर्वी चिकटलं होतं. जुन्या गाड्यांच्या त्या शोरूममध्ये वेबसाइटवर गाड्यांची माहिती भरायची ती एकटीच, आणि महिन्याभराच्या नोंदी तपासायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं. म्हणजे स्वतःच लिहायचं आणि स्वतःच्याच चुका शोधायच्या. चेसिस नंबर टाकायचा, कंपनीचा कागद उघडायचा, ओळ न् ओळ ताडून बघायची, की स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा वाढायचा. आतापर्यंत सापडलं ते किरकोळ. कुठे राखाडीचं चंदेरी झालेलं, कुठे चारचं पाच.

शेवटची नोंद निळ्या गाडीची होती. विकलेली, कालच नेलेली.

'पुढच्या सीटची एअरबॅग बंद करायची सोय: आहे.'

कंपनीच्या कागदावर होतं: नाही.

तिने नंबर पुन्हा टाकून पाहिला. नाही म्हणजे नाही. चूक कशी झाली तेही तिला लगेच कळलं. नवी गाडी आली की कोरी नोंद भरत कोण बसतंय? तसल्याच जुन्या गाडीची नोंद कॉपी करायची, नंबर, रंग, किलोमीटर बदलायचे, झालं काम. त्या दिवशी अकरा गाड्या आल्या होत्या आणि ही एक ओळ जुन्या गाडीचीच राहून गेली.

आणि नेमकी हीच ओळ वाचून तो माणूस आला होता. तान्ह्या मुलीचा बाप. बायकोची नोकरी दुसऱ्या गावात, त्यामुळे रोज नऊ वाजता पोरीला आत्याकडे तोच सोडायचा. पंधरा मिनिटांचा रस्ता.

"मागे ठेवली की रडून आकांत करते हो," तो म्हणाला होता. "पुढे माझ्या शेजारी ठेवीन. पण तिची खुर्ची उलटी लागते. एअरबॅग उघडली तर सगळा दणका तिच्या डोक्याला. म्हणून बंद होणारीच हवी." तेव्हा तिनेच स्क्रीन वळवून त्याला ती ओळ दाखवली होती.

ती तशीच उठून गोडबोल्याकडे गेली. हा त्यांचा सेल्समन.

"काल निळी गाडी देताना त्यांनी एअरबॅग बंद करून मागितली होती का रे?"

"मागितली की. बटण काही सापडेना मला. म्हटलं, आम्ही बंद करूनच ठेवलीय, बिनधास्त जा."

"सापडलं नाही आणि बंद आहे म्हणालास?"

"अगं, तूच लिहिलंयस ना, सोय आहे म्हणून? तू लिहिलंस म्हणजे असणारच!"

ती मालकाच्या खोलीत शिरली. एका दमात सगळं सांगून म्हणाली, "साहेब, त्यांना आत्ताच्या आत्ता फोन करते."

"विकलेली गाडी ना ती? नोंद दुरुस्त कर आणि विषय संपव. फोन केलास की तो गाडी घेऊन दारात उभा!"

"साहेब, तान्हं बाळ आहे त्या गाडीत."

"अगं, रोज काय अपघात होतात? काहीतरी चांगलं बोल."

ती बाहेर आली आणि सरळ फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. मग मेसेज आला, फोन आपोआप पाठवतो तसला: 'गाडी चालवतोय. पोहोचलो की फोन करतो.' घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

तोवर गोडबोल्याने तिच्या खुर्चीत बसून 'आहे'चं 'नाही' करून टाकलं. आकडा हिरवा झाला.

"शंभर!" मालक टाळ्या वाजवत बाहेर आला. "वा, अचूकताई! मानलं बुवा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे हात फोनवरच होते. तिला स्वतःचा इतका राग आला होता की रडूही येईना.

साडेनऊला तिने पुन्हा फोन लावला. पावणेदहाला पुन्हा. दहा वाजता पुन्हा.

दर वेळी रिंग पूर्ण वाजली, आणि दर वेळी तेच उत्तर आलं.

'गाडी चालवतोय. पोहोचलो की फोन करतो.'