बांधापलीकडची माती

विद्यापीठाच्या साहेबांनी छगनच्या नावाची पिशवी उचलली, तसा छगन पुढं सरकून बसला. पारावर निम्मं कोल्हार जमलं होतं. राहुरीला तपासून आणलेल्या मातीचा निकाल आज लागायचा होता. ज्याची माती सरस, त्याच्या रानात गव्हाच्या नव्या वाणाचा प्रयोग होणार होता.

छगनला हा प्रयोग हवाच होता. गव्हासाठी नव्हे, सहादेवच्या नाकावर टिच्चून मिळवायचा म्हणून. थोरल्या भावाशी वाटणी झाल्यापासून त्याचा जीव जळत होता. वडिलांनी कसदार रान थोरल्याला दिलं आणि हलकं आपल्या गळ्यात मारलं, हे त्यानं गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं की विषय निघताच लोक तंबाखू मळायला लागत. मधे एकच बांध. पलीकडं सहादेवचा गहू कमरेला लागायचा, अलीकडं छगनचा गुडघ्याशीच रेंगाळायचा. असल्या रानात राबून काय उपयोग, म्हणून छगन खताची गाडी टाकायलाही टाळाटाळ करी. भावाच्या पिकाकडं बघत बसण्यात मात्र त्याचा दिवस सहज सरे.

म्हणूनच साहेबांनी माती मागितली तेव्हा त्यानं स्वतःच्या रानात कुदळ घातलीच नाही. सहादेव बाजाराला गेलेला बघून तो बांध ओलांडून गेला आणि तिकडच्या मातीनं पिशवी भरून आला. मनाला जराही लागलं नाही. ती माती खरं तर आपलीच, असं तो धरून चालला होता.

"छगनराव, तुमची माती फार निकस," साहेब म्हणाले. तिच्यात चुनखडी फार होती, कस नावाला नव्हता. असल्या मातीत गहू काढायचा म्हणजे माणसानं हाडाची काडं करायला हवीत, असंही ते म्हणाले.

छगन गोंधळला. दादाची माती, आणि निकस?

साहेबांनी मग सहादेवची पिशवी उघडून माती तळहातावर घेतली. पंचक्रोशीत अशी माती दुसरी नाही, प्रयोग सहादेवच्याच रानात करायचा, असं त्यांनी सांगून टाकलं. लोक सहादेवकडं बघायला लागले. छगन मातीकडं बघत राहिला. त्या काळ्याभोर मातीत लाल खापरीचे बारके तुकडे होते. आजोबांच्या वेळी कुंभाराची भट्टी होती ती छगनच्या रानात. तशी खापरी गावात दुसरीकडं कुठंच निघत नव्हती.

ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. पण भावाची चोरी सांगायची तर आधी आपली सांगावी लागणार होती. पांगापांग झाल्यावर त्यानं सहादेवला बाजूला घेतलं.

"दादा, ती माझ्या रानातली माती हाय."

"व्हय," सहादेव मान खाली घालून म्हणाला. "वाटणी झाल्यापून जळतुया मी तुझ्या मातीवर."

छगनला खरंच वाटेना. मग एवढा गहू कसा काढतोस, असं त्यानं विचारलं.

"तुझ्या मातीची बरोबरी करायची म्हनून रातंदिस राबलो," सहादेव म्हणाला. "अन् तू तर तिला कवा हातबी लावला न्हाईस."