वेलीची रेघ

"भाऊजी, ही मोटर आहे की खुळखुळा?" मेव्हण्याने विचारले. यंत्र खडखडत होते आणि लाकडी झाकणावर कोरली जाणारी वेल थरथरत उतरत होती.

"म्हणूनच तर तुझ्या ताईने तुला बोलावलं. मी नको म्हणत होतो."

"का? माझ्यासमोर अब्रू जाईल म्हणून?"

ताई दारातच हसली. तिने संगणकाच्या पेनाने वेल काढावी आणि यंत्राने तीच रेघ लाकडात उतरवावी, असा नवराबायकोचा उद्योग होता. "महिनाभर नुसते स्क्रू पिळतायत. माझ्या वेलीचे हाल केलेत रे यांनी," असे म्हणून ती चहा टाकायला गेली.

मेव्हण्याने मोटर फिरवणारे ड्रायव्हरचे कार्ड उपसले. खालच्या पिना जोडणारे तिन्ही चिमुकले जंपर कोणीतरी काढले होते.

"कमाल आहे! जंपर काढल्यावर मोटर मोठी पावलं टाकणार, धक्के बसणारच. हे कोणाचं डोकं?"

"तापत होती, म्हणून काढले असतील मी."

मेव्हण्याने नवे जंपर बसवले, मीटर लावून करंट बेताचा केला. संगणकातला पावलांचा आकडा बदलताना मात्र तो घुटमळला; जुना आकडा त्या चुकीला अगदी बरोबर जुळवलेला होता.

संगणकानेच आखलेले चाचणीचे वर्तुळ नितळ उतरले. मोटर चालते आहे की नाही, हेही कळेना.

"झालं! आता ताईची वेल."

"आज नको. आधी चहा घे."

"चहा काय पळून जातोय?" त्याने नवे झाकण लावून बटण दाबले.

मोटर मुकाट फिरली. वेल मात्र थरथरतच उतरली. मघाच्या खडखडाटात झाकलेला कंप आता पानापानाच्या कडेला स्पष्ट दिसत होता.

मेव्हण्याने त्या कडेवरून बोट फिरवले. "म्हणजे जंपर तुम्ही मुद्दाम..."

"हळू बोल. तिला वाटतंय, दोष मोटरचा आहे. वाटू दे."

ताई चहा घेऊन आली. तिने झाकण पाहिले आणि पतीला साखर आणायला आत पिटाळले. मग ती भावाच्या जवळ सरकली.

"मोटरच बिघडलीय, असं ठासून सांग यांना. तू सांगितलंस तर पटेल. माझा हात कापतो हे कळलं, तर हा माणूस खचेल रे."