कोठारामागची फुलं

या मंडळी, जवळ सरका. ऑर्फाची गोष्ट सांगतो, चित्त देऊन ऐका.

केंटकीच्या डोंगरातली ऑर्फा रानफुलं वाळवून चेहरे करायची. फुलं टेकडीवरच्या दफनभूमीतली. ठरवून काही नाही. वाळल्या पाकळ्या कागदावर पसरल्या, की बोटं आपोआप चालत. आईच्या थडग्यावरच्या व्हायोलेटांतून आईची हनुवटी उतरली, गिरणीवाल्याच्या थडग्यावरच्या फुलांतून त्याचा तिरळा डोळा.

नवऱ्याचा चेहरा मात्र कधी उतरला नाही. थर्मन ओहायोच्या कारखान्यात म्हणून गेला तो गेलाच. ना चिठ्ठी ना चपाटी. आपणच त्याला आगगाडीत बसवून दिलं, असं शेजारचा हॉबर्ट सांगे. ऑर्फा रोज त्याचं ताट मांडायची.

हॉबर्ट तिची लाकडं फोडी, छप्पर शाकारी. या वसंतात तो ओंजळभर फुलं घेऊन दारात आला.

"दफनभूमीतली नाहीत, बरं का. माझ्या कोठारामागची. काय माजतात तिथं!"

"इतकी वर्षं लपवलीस होय रे, चोरा?" ऑर्फा हसली.

"आता तरी हो म्हण, बाई. किती दिवस रिकाम्या खुर्चीला वाढणार?"

"थडग्यांना फुलं वाहायच्या रविवारी सांगेन. चारचौघांत."

फुलं वाळली. ऑर्फाने ती पसरली. एक पाकळी बोटाला अजून ओली लागली, गार. बोटं चालत राहिली.

त्या संध्याकाळी तिने थर्मनचं ताट मांडलं नाही. हॉबर्टने ते खिडकीतून पाहिलं आणि शीळ घालत घरी गेला.

रविवारी सारा गाव टेकडीवर जमला. एकही थडगं फुलांवाचून ठेवायचं नाही, हा तिथला रिवाज. मग पाद्री एलायने प्रवचन गायला घेतलं. आधी नुसतं बोलणं, मग श्वासागणिक सूर चढत गेला. दगडाला पाझर फुटावा असा.

सूर थांबला. ऑर्फा कापडात गुंडाळलेली चौकट घेऊन उभी राहिली. बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. हॉबर्टने नव्या सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"पाद्रीबाबा, सगळ्यांना फुलं वाहून झाली?"

"एकूण एक, पोरी."

तिने कापड काढलं. मोडकं नाक, चिरलेली डावी भुवई.

"अगं बाई, थर्मन!" कुणीतरी ओरडलं.

"एक राहिलंय, बाबा," ऑर्फा शांतपणे म्हणाली. "हॉबर्टच्या कोठारामागचं. चला सगळे. माझ्या थर्मनचीही आठवण ठेवा."