टाळी

"फुगडीत धरलेला हात सोडू नये गं, दोघी पडतात," असं आई म्हणायची. कोकिळेच्या कानात ते अजून घुमायचं. आगरदांड्याच्या बॉलरूम नाचाच्या वर्गात मात्र रीत उलटी. शिकवणाऱ्या क्रांतीताईंनी टाळी वाजवली की जोडीदार बदलायचा. पहिलं गाणं नवऱ्याबरोबर, बाळाजींबरोबर; मग टाळी वाजली की ते दुसरीचा हात धरून भिंगरीसारखे फिरायचे. घरी मोजकं बोलणारा आपला माणूस इथं खुलतो, यातच कोकिळा सुखी होती. दहा वर्षांत त्यांनी एकही शनिवार चुकवला नव्हता.

या शनिवारी वाऱ्यामुळे बोट बंद राहिली आणि खाडीपलीकडच्या दिघीहून येणारी बाकीची सगळी जोडपी तिकडंच अडकली.

"आज टाळी न्हाय. दोघंच नाचा पोटभर," क्रांतीताई हसल्या.

कोकिळेला आभाळ ठेंगणं झालं. पण पहिल्याच गाण्यात बाळाजींचे पाय जड झाले.

"अहो, दर शनिवारी वारा प्यायल्यागत नाचता. आज काय झालं?"

 

बाळाजींनी तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला. "अगं, टाळी वाजली की तुझा हात सोडता येतो, म्हणून तर येतो मी."