आजीची नक्कल

ठक्! दुपारच्या शांततेत प्लास्टरचा पाय फरशीवर आपटला, तशी केतकी कणकेच्या हातानंच लेकीकडे धावली.

महिनाभर शाल्मली लंगडत होती. गुडघेदुखीनं लंगडणाऱ्या आजीला ही वेडावतेय, असंच केतकीला वाटलं. पाहुण्यांसमोर चापट मारून तिनं पोरीला आजीच्या पाया पडायला लावलं. पोर वाकली. काल डॉक्टर म्हणाले, "पावलातल्या हाडाला रक्त पुरत नाही, म्हणून ते झिजतंय. भरून येईल, पण फार दुखलं असणार हिला."

"आई, रडतेस कशाला? आता नाही दुखत."

"मग तेव्हा सांगायचं नाही का गं, सोन्या?"

"सांगितलं ना! तू म्हणालीस, आजीसारखी चालू नकोस." शाल्मलीनं प्लास्टरवरून बोट फिरवलं. "आई, खरंच दुखत असलं, की कुणासारखं चालायचं?"