दोरीवरचा पक्षी

लामू बेटावरच्या बी रुकिया आमच्या पक्षी ओळखायच्या ग्रुपवर नेहमी एकसारखाच फोटो टाकायच्या. कपडे वाळत घालायची दोरी, टोकाला एखादा धूसर पक्षी आणि मधोमध त्यांचा नेसायचा लाल लेसो. "हा कुठला?"

ग्रुप माझा, त्यामुळे वैतागही माझाच. "बी, पक्षी दर वेळी वेगळा, लेसो मात्र तोच! त्याच्यावरची छापील अक्षरंसुद्धा स्पष्ट दिसतात. जरा पक्ष्याजवळ जा की."

बाकीचे मात्र सुगरणीची मादी की चिमणी, यावर तावातावाने भांडत बसायचे.

काल मोम्बासाहून झुहुरा नावाच्या मुलीने फोटो टाकला. ती ग्रुपमध्ये आहे हेच मी विसरलो होतो. तशीच दोरी, वर कावळा, खाली निळा लेसो. "हा कुठला?"

"आता कावळासुद्धा मीच ओळखून देऊ?" म्हणत मी फोटो काढून टाकणार, तेवढ्यात बायकोने फोन हिसकावला.

"थांबा! ही बी रुकियांची लेक. आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आईने बोलणं टाकलंय. तोंडाने बोलवत नाही ते आम्ही बायका लेसोवर छापलेलं नेसतो, हे तुम्हाला ठाऊक नाही होय? तुमच्या आईने मला किती लेसो वाचायला लावले!"

तिने आधी बी रुकियांच्या फोटोतला लाल लेसो मोठा करून दाखवला. त्यावर छापलं होतं, "राग गेला, दार उघडं आहे."

मग मी कावळ्याखालचा निळा लेसो वाचला.

"माझी वाट बघ."