पोळपाट, लाटणं आणि डेडलॉक

डोक्यातल्या चिपमध्ये ‘डेटाबेस’ हा विषय उतरवायला जागा कमी पडली, म्हणून उर्वीने सकाळी एक जुना विषय पुसला. घाईत नेमका ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ पुसला गेला आणि आज तोंडी परीक्षा त्याचीच होती.

“डेडलॉक म्हणजे काय?” बाहेरून आलेले परीक्षक तांबोळी सर यांनी कंटाळून विचारलं.

 उर्वीला लहानपणी आईने कणीक मळताना हाच शब्द समजावलेला आठवला.

“सर, एक जाऊ पोळपाट धरून बसलीय, दुसरी लाटणं. आपलं कुणीच सोडत नाही, दोघी समोरचीचं मागतात. सगळं घर उपाशी!”

सरांनी पेन खाली ठेवलं. 

“सकाळपासून चाळीस जणांनी एकच वाक्य ऐकवलं, स्वल्पविरामासकट,” ते खुर्चीत रेलले. “हुश्श! आत्ता कुठे माणसाची परीक्षा घेतल्यासारखं वाटलं.”